सगळ्यात स्वस्त ई-बुक शोधताय? आधी पूर्ण हिशेब मांडा



व्हिडिओमध्ये हा विषय मी दोन मिनिटांत उरकला होता. पण तो दोन मिनिटांत उरकण्यासारखा नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. चहा घेऊन बसा.

मागच्या कार्यशाळेत एक ताई आल्या होत्या. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय, तीन वर्षं झाली, बऱ्यापैकी चाललाय. मधल्या सुट्टीत त्यांनी वही उघडून दाखवली. विक्रीवरचं एक इंग्रजी पुस्तक त्यांना घ्यायचं होतं. वहीत चार रकाने: किंडल, गूगल प्ले बुक्स, कोबो आणि छापील. प्रत्येकाची किंमत, तीन वेगवेगळ्या दिवशी बघितलेली. म्हणाल्या, "सर, रोज भाव बदलतो. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यात चाळीस रुपयांचा फरक आहे. कुठून घेऊ?"

मी विचारलं, "ताई, हे शोधायला वेळ किती गेला?" म्हणाल्या, "तीन संध्याकाळी."

मी हसलो नाही, कारण हे मीही केलंय. पण त्यांना जे सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. तीन संध्याकाळी घालवून त्यांनी फक्त एक आकडा बघितला, आणि ई-बुकच्या व्यवहारात तो आकडा सगळ्यात कमी महत्त्वाचा असतो. माझं मत स्पष्ट आहे: ई-बुकची किंमत म्हणजे पुस्तकाची किंमत नसते. दुकान, वाचायचं यंत्र, कर आणि तुम्हाला मिळणारा हक्क या चौघांची ती मिळून किंमत असते. हे ज्याला कळलं, त्याला स्वतःच्या मालाची किंमत ठरवणंही जमायला लागतं.

एकच पुस्तक, वेगवेगळे भाव का?

ही गोष्ट आहे अमेरिकेतली, पण आपल्या धंद्याला तंतोतंत लागू पडते.

नोव्हेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनने पहिलं किंडल आणलं. यंत्राची किंमत ३९९ डॉलर. सोबत वाचकांना सांगितलं की गाजलेली नवी पुस्तकं ९.९९ डॉलरला मिळतील. त्या वेळी पद्धत घाऊक खरेदीची होती. प्रकाशकाकडून ठरलेल्या दराने माल घ्यायचा आणि पुढे विक्रीची किंमत दुकानदाराने ठरवायची. ॲमेझॉन काही नवी पुस्तकं चक्क खरेदीच्या दरापेक्षा कमी भावाने विकत होतं. तोटा सोसून गिऱ्हाईक बांधायचं, हा हिशेब.

प्रकाशक घाबरले. लोकांच्या डोक्यात "पुस्तक म्हणजे ९.९९" हे एकदा बसलं की आपल्या जाड पुठ्ठ्याच्या महागड्या आवृत्त्या कोण घेणार? २०१० मध्ये ॲपलचा आयपॅड आला आणि सोबत दुसरी पद्धत आली. किंमत प्रकाशकाने ठरवायची आणि दुकानदाराने ३० टक्के कमिशन घ्यायचं. बचत गटाच्या ताई गावातल्या दुकानात पापड ठेवतात ना? पाकिटावर किंमत ताईंची, दुकानदाराचं कमिशन ठरलेलं. अगदी तेच. मग बऱ्याच नव्या पुस्तकांचे भाव १२.९९ आणि १४.९९ डॉलरवर गेले.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ॲपल आणि पाच मोठ्या प्रकाशकांवर खटला भरला. प्रकाशकांनी तडजोड केली, ॲपल लढलं. २०१३ मध्ये न्यायालयाने ॲपलच्या विरोधात निकाल दिला. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला आणि ४५ कोटी डॉलरची तडजोडीची रक्कम ॲपलच्या गळ्यात पडली.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण नवउद्योजक हमखास इथे चुकतात. कमिशनवर माल ठेवणं हा गुन्हा नव्हता. ती पद्धत आजही चालू आहे. गुन्हा होता सगळ्यांनी मिळून भाव वर न्यायचं ठरवणं. उद्या तुमच्या तालुक्यातल्या पाच मसालेवाल्यांनी बसून "किलोमागे इतक्याच्या खाली कुणी विकायचं नाही" असं ठरवलं, तर ती "एकजूट" नाही. स्पर्धा कायद्यात त्याला दुसरं नाव आहे.

तर ताईंच्या वहीतला चाळीस रुपयांचा फरक कुठून आला, हे आता लक्षात येईल. कुठे भाव प्रकाशक ठरवतो, कुठे दुकानदार स्वतःच्या खिशातून सूट देतो, कुठे एका दुकानाने भाव पाडला म्हणून दुसरं पाडतं. पुस्तकात मात्र एका अक्षराचाही फरक नसतो.

यंत्र म्हणजे आइस्क्रीम कंपनीचा फ्रीजर

किराणा दुकानाबाहेर आइस्क्रीम कंपनीचा फ्रीजर बघितलाय? अनेकदा तो दुकानदाराला फुकट किंवा सवलतीत मिळतो. अट एकच, आत दुसऱ्या कंपनीचा माल ठेवायचा नाही. कंपनीला फ्रीजरवर पैसे कमवायचेच नसतात.

वाचायच्या यंत्राचं असंच आहे. जून २०१० मध्ये बार्न्स अँड नोबल या अमेरिकन पुस्तक कंपनीने आपल्या नूक यंत्राची किंमत २५९ वरून १९९ डॉलर केली. त्याच दिवशी ॲमेझॉनने किंडल १८९ वर आणलं. पुढे २०१२ मध्ये जेफ बेझोस यांनी उघड सांगितलं की किंडल यंत्रं कंपनी लागत खर्चालाच विकते, कमाई पुढच्या खरेदीतून होते.

म्हणजे यंत्र घेताना तुम्ही यंत्र घेत नाही, दुकान निवडता. किंडलच्या दुकानातून घेतलेलं कुलूपबंद पुस्तक कोबोच्या यंत्रावर उघडत नाही. कोबो आणि गूगल ईपब या सर्वसाधारण फाइल-प्रकारावर चालतात, पण त्यांच्याही पुस्तकांना बहुतेक वेळा डिजिटल कुलूप असतंच. कुलूप नसलेली ईपब फाइल तुम्ही किंडलला पाठवू शकता, ती सोय २०२२ मध्ये आली. उलट, किंडलची विकत घेतलेली पुस्तकं संगणकावर उतरवून केबलने यंत्रात टाकायची जुनी सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. दार आत यायला मोठं आणि बाहेर जायला लहान, असा हा प्रकार आहे.

आता "यंत्र घेतलं तर पैसे वाचतात का?" याचा हिशेब करू. आकडे फक्त उदाहरणासाठी घेतलेत. समजा यंत्र १०,००० रुपयांचं आहे आणि छापील पुस्तकाच्या तुलनेत ई-बुकमागे तुमचे सरासरी ६० रुपये वाचतात. १०,००० भागिले ६०, म्हणजे १६७ पुस्तकं वाचल्यावर यंत्राचे पैसे वसूल. महिन्याला एक पुस्तक वाचत असाल तर जवळपास १४ वर्षं. बॅटरी तरी तोवर टिकेल का?

म्हणून मी सरळ सांगतो: पैसे वाचवायला यंत्र घेऊ नका. किंडल, गूगल आणि कोबो, तिघांचीही ॲप फोनवर फुकट आहेत. पहिली दहा पुस्तकं फोनवर वाचा. दहा पूर्ण झाली तर मग यंत्राचा विचार करा, आणि तेव्हाही कारण पैशाचं ठेवू नका. डोळ्यांना त्रास कमी होतो आणि मध्येच व्हॉट्सॲपची टिंग वाजत नाही, ही कारणं खरी आहेत. त्यासाठी दहा हजार मोजायचे असतील तर जरूर मोजा.

विकत घेतलं म्हणजे आपलं झालं का?

नाही. आणि हा मुद्दा कुठल्याच वहीच्या रकान्यात नसतो.

जुलै २००९ मध्ये जॉर्ज ऑरवेलच्या "१९८४" या कादंबरीची एक आवृत्ती वाचकांच्या किंडलवरून परस्पर गायब झाली. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते, म्हणून ॲमेझॉनने विकलेल्या प्रती दुरून पुसल्या आणि पैसे परत केले. नंतर बेझोस यांनी माफीही मागितली. पण पुसता येतं, हे जगाला कळलं.

आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये ई-बुक विकायला सुरुवात केली आणि २०१५ च्या अखेरीस तो विभाग बंद करून ग्राहकांना कोबोकडे वळवलं. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं ई-बुक दुकान बंद केलं, तेव्हा विकलेली पुस्तकं उघडणंच थांबलं. पैसे परत दिले, हे मान्य. पण पानापानावर केलेल्या खुणा आणि टिपा? त्यांचे पैसे कसे मोजणार?

माझंही झालंय असं. एका छोट्या ॲपवर "नव्वद टक्के सूट" बघून मी एकदम अकरा पुस्तकं घेतली होती. वर्षभरात ॲप बंद. ना ईमेल, ना परतावा. रक्कम मोठी नव्हती, पण त्यातल्या एका पुस्तकात मी माझ्या पहिल्या अभ्यासक्रमाची जवळजवळ सगळी आखणी टिपा म्हणून करून ठेवली होती. ती गेली. नंतर आठवून आठवून पुन्हा लिहिली, पण पहिल्यासारखी नाही झाली. स्वस्ताची किंमत मला तेव्हा कळली.

ई-बुकच्या अटी वाचल्या तर दिसेल की पुस्तक "विकलेलं" नसतं, वाचायचा परवाना दिलेला असतो. २०२५ पासून अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात तर कायदाच आहे की असा परवाना विकताना ग्राहकाला ते स्पष्ट सांगायचं, नुसतं "विकत घ्या" म्हणून भुलवायचं नाही. छापील पुस्तक तुम्ही भावाला देता, गावच्या वाचनालयाला देता, पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाऊन अर्ध्या किमतीला विकूनही टाकता. ई-बुकचं यातलं काही होत नाही. म्हणून तुलना करताना मी असं बघतो: ई-बुक म्हणजे भाड्याची खोली, छापील म्हणजे स्वतःची. भाडं कमी असायलाच हवं. दोन्हींचे भाव सारखे असतील तर मी छापील घेतो.

कराचं गणित

छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे, त्याच्या ई-बुकवर जुलै २०१८ पासून ५ टक्के. आणि जे फक्त डिजिटलच आहे, छापलेलंच नाही, त्यावर १८ टक्के. म्हणजे मूळ किंमत १०० धरली तर ग्राहकाला छापील १०० ला, ई-बुक १०५ ला आणि फक्त-डिजिटल ११८ ला पडतं.

ज्यांना स्वतःचं "पापड उद्योग मार्गदर्शक" किंवा "शिवणकाम माप-पुस्तिका" अशी ई-बुक काढायची आहेत, त्यांनी हे अधोरेखित करा. किंमत ठरवताना हा १८ चा आकडा विसरलात तर नफ्यातून जाईल. तुमच्या उलाढालीला नोंदणी लागते की नाही, हे मात्र तुमच्या सीएला विचारा, मला नाही.

विकणाऱ्याच्या बाजूने बघा

किंडलवर स्वतः पुस्तक टाकता येतं. मराठी पुस्तकं तिथे २०१६ च्या अखेरीपासून आहेत. मानधनाचे दोन दर आहेत, ३५ टक्के आणि ७० टक्के. भारतात विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर एका योजनेत नाव घालावं लागतं, आणि तिची अट अशी की ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेही विकायचं नाही. शिवाय ७० टक्क्यांत फाइलच्या आकाराप्रमाणे डिलिव्हरीचा खर्च कापला जातो. फोटोंनी भरलेलं पाककृतींचं पुस्तक असेल तर हा खर्च चांगलाच जाणवतो. छापील आवृत्ती असेल तर ई-बुकची किंमत तिच्यापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायची, हीही अट.

म्हणजे कर बाजूला ठेवून १०० रुपयांच्या पुस्तकामागे एकतर ३५ रुपये आणि सगळीकडे विकायची मोकळीक, नाहीतर ७० रुपये वजा डिलिव्हरी आणि एकाच दुकानाशी बांधिलकी. कुठलं बरोबर? तुमचा स्वतःचा ग्राहकवर्ग तयार असेल तर मोकळीक घ्या. तुम्हाला अजून कुणीच ओळखत नसेल तर पहिले ९० दिवस बांधून घ्यायला हरकत नाही. पण सवय म्हणून पुढे चालू ठेवू नका. एकाच व्यापाऱ्याला माल घालणाऱ्याचं काय होतं, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला मी सांगायची गरज नाही.

फुकटच्या पीडीएफबद्दल

आता थोडं कडू बोलतो. "सर, त्या पुस्तकाची पीडीएफ पाठवा ना" हा मेसेज मला आठवड्यातून दोनदा तरी येतो. पाठवणारा कोण? ज्याला स्वतःच्या लोणच्याचे, स्वतःच्या डिझाइनचे, स्वतःच्या क्लासचे पूर्ण पैसे हवे असतात तोच.

ग्रुपवर फिरणारी चोरीची पीडीएफ ही "शून्य रुपये" किंमत नाही. कुणाच्या तरी दोन वर्षांच्या कामाचं ते फुकट घेतलेलं सॅम्पल आहे, जे कधी परत मिळत नाही. मराठीत व्यवसायावर पुस्तकं कमी का, असं आपणच विचारतो. लिहिणाऱ्याला पैसे मिळाले नाहीत तर तो दुसरं पुस्तक का लिहील?

पैसे नसतील तर सरळ मार्ग भरपूर आहेत. तालुक्याच्या वाचनालयाची वर्गणी भरा. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांच्या संमतीने मराठी ई-पुस्तकं मोफत देतं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांसाठी खुलं होतं, त्यामुळे साने गुरुजींसारख्यांचं साहित्य वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. आणि किंडल, गूगल, कोबो सगळीकडे सुरुवातीची पानं नमुना म्हणून फुकट मिळतात. तेवढी वाचूनही कळतं की पुस्तक आपल्या कामाचं आहे की नाही.

मग ताईंना काय सांगितलं?

वहीत पाच ओळी लिहायला सांगितल्या. तुम्हीही लिहा.

१. कर धरून हातात पडणारी किंमत किती?
२. हे माझ्या आत्ताच्या फोनवर उघडतं का, की नवं यंत्र लागेल?
३. हे दुकान पाच वर्षांनी असेल असं मला वाटतं का? माझ्या टिपा बाहेर काढता येतात का?
४. हे पुस्तक मला पुन्हा पुन्हा लागेल की एकदाच? पुन्हा लागणार असेल तर छापील.
५. फुकट नमुना वाचला का? पुस्तक मराठीत असेल तर बुकगंगासारख्या मराठी दुकानात बघितलं का?

आणि एक नियम: या सगळ्याला वीस मिनिटं, जास्त नाही. पहिल्या आणि दुसऱ्या दुकानात पन्नास रुपयांच्या आत फरक असेल तर जिथे तुमची आधीची पुस्तकं आहेत तिथूनच घ्या. तीन ठिकाणी विखुरलेली लायब्ररी वेळेला सापडत नाही. मासिक वर्गणीच्या योजना घेताना वर्गणीला महिन्यात खरोखर वाचून संपवलेल्या पुस्तकांनी भागा. उत्तर बघून बरेच जण योजना बंद करतात.

ताईंनी ते पुस्तक शेवटी छापील घेतलं, चाळीस रुपये जास्त देऊन. जाताना एक वाक्य बोलल्या, ते माझ्या डोक्यात राहिलंय. म्हणाल्या, "सर, माझं गिऱ्हाईक पण असंच करतं. माझा गोडा मसाला आणि बाजारातला सुटा मसाला शेजारी ठेवून फक्त भाव बघतं. मला राग यायचा. पण त्याला बाकीचं काही मी कधी सांगितलंच नाही."

बघा, हेच. ग्राहक फक्त भाव बघतो कारण बाकीचे रकाने आपण त्याच्यासमोर मांडतच नाही. कधी दळला, मिरची कुठली, किती दिवस टिकतो, आवडला नाही तर काय.

आजचं काम: तुमच्या सगळ्यात जास्त खपणाऱ्या एका मालासाठी किंमत सोडून चार ओळी लिहा, ज्या ग्राहकाला आज माहीत नाहीत. उद्या सकाळी त्या पाकिटावर, कॅटलॉगमध्ये किंवा व्हॉट्सॲप स्टेटसला टाका. त्यानंतरच भाव कमी करायचा की नाही, याचा विचार करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर वाचत राहा, आणि वाचलेल्याचे पैसे देत राहा.